भिगवणला ठेवायचा हेडसेट

बारामती
१३ एप्रिल २०२५

लैला,

सलाम. आरिफच्या हाती चिठ्ठी दिली असती, पण तो तुझा भाऊ, वाचल्याशिवाय देणार नाही. म्हणून टपालानं पाठवतोय. माझा नंबर तू बंद केलास त्याबद्दल या पत्रात एक शब्द नाही. तुझा मासळीचा लिलाव चालू असताना मी फोनावर फोन करायचो, तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

विषय सिमरनचा आहे. गुरुवारी तिनं आरिफच्या फोनवरून मला फोन केला. आधी शाळेचं बोलली, परीक्षेचं बोलली, आणि मग म्हणाली, "अब्बा, मामूसारखा हेडसेट घ्याल का मला?"

मला आधी वाटलं कानाला लावायचा. मग तिनं समजावलं. डोळ्यांवर बांधायचा असतो, आत पडदा असतो, घातला की आपण आपल्या खोलीत राहतच नाही. मान वळवली की तिथलं दिसतं, हात हलवला की तिथं हात हलतो. आरिफनं कंपनीतल्या कुणाकडून तरी घेतलाय आणि त्याची रात्रपाळी असली की सिमरन त्यावर खेळते, एवढं कळलं. तुला हे सगळं माहीत असणारच. मला नव्हतं. माझी मुलगी कशावर खेळते हे मला फोनवर कळतंय.

शुक्रवारी नमाज झाल्यावर मी इथल्या भिगवण चौकातल्या अविराजच्या दुकानात गेलो. लासुर्ण्याचा अविराज, शाळेत असताना दर जूनला आपल्याकडून गणवेश न्यायचा, तो. आता गेमची सामानं विकतो. मला बघून त्यानं खुर्ची दिली.

"मुजम्मिलभाई, घरात खेळायचं म्हंटल्यावर तुमच्यापुढं दोनच रस्ते हायत," म्हणाला. "ह्यो पांढरा बिनवायरचा. डोक्याला बांधा आन् कुठंबी खेळा, टीव्ही नको, काय नको. दोन तासांनी चार्जिंगला लावायचा. आन् ह्यो दुसरा वायरवाला. ह्याला प्लेस्टेशन लागतंय, टीव्हीपाशीच खेळायचं. पण चित्र बघा तुमी. एकदा बघाच."

मी आधी पांढरा घातला. बरा होता. मग वायरवाला घातला आणि त्यानं गाडीची शर्यत लावली. लैला, मी खरंच गाडीत बसलो होतो. रात्रीचा रस्ता, काळा म्हणजे अगदी काळा, काचेवर पाण्याचे थेंब. वळणावर मी इतका तिरका झालो की शेजारच्या मांडणीवरची खोकी पाडली. दुकानातली पोरं हसली. मी बाहेर आलो तेव्हा क्षणभर बारामतीचं ऊन मला खोटं वाटलं.

तर मला वाटतं, घ्यायचा तर चांगला घ्यावा. तुझं मत कळव. आरिफलाही विचार. दुसरं काही मनात नाही.

मासळी बाजारातल्या गाळ्यावरचं कसं चाललंय? तुझे अब्बाजान गेल्यावर तू चाळिसाव्या दिवसापर्यंत म्हणून माहेरी गेलीस. त्याला आता दीड वर्ष झालं. हे टोमण्यानं लिहीत नाही.

मुजम्मिल


बारामती
२७ मे २०२५

लैला,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी होत्या, पण मिळालं. "सिमरनला आरिफसारखाच पाहिजे. दुसरा घेऊ नका. इथं भिगवणला ठेवता येईल असा घ्या. बाकी ठीक."

पत्र यायला उशीर झाला. तोपर्यंत मी वायरवाला घेऊन बसलो होतो. प्लेस्टेशनही घेतला. आता आणलेली वस्तू परत कशी करायची, आणि का करायची? आरिफच्या पांढऱ्या डब्यापेक्षा ही वस्तू कितीतरी सरस आहे, कुणालाही विचार.

सिमरनला तू आठ दिवस पाठवलंस त्याबद्दल आभार. तिला घ्यायला मी स्टेशनवर आलो तेव्हा तू रिक्षातून उतरली नाहीस, ते माझ्या लक्षात आलं. राहू दे.

मी बाहेरच्या खोलीतला सोफा भिंतीला सरकवला, टीपॉय आत ठेवला. खेळताना हात कुठं लागू नये म्हणून. दुकानाला सध्या श्वास घ्यायला वेळ नाही, शाळांचा माल उतरतोय, शिलाईवाले उशीर करतायत, तरी मी रोज आठाच्या ठोक्याला शटर खाली ओढत होतो. ती हेडसेट बांधायची, मी मागं खुर्चीवर. तिला आत जे दिसतं ते टीव्हीवर मला दिसतं, त्यामुळं दोघं एकाच गाडीत बसल्यासारखं वाटायचं. "अब्बा, बघताय ना?" असं ती मध्येच विचारायची. मी म्हणायचो, "बघतोय, तू पुढं बघ."

दोन फेऱ्या झाल्या की ती हेडसेट काढून ठेवायला बघायची. मी म्हणायचो, अजून एक. मग ती अजून एक खेळायची. रोज लिंबूसरबत मागायची. उन्हाळा यंदा फार आहे.

सातव्या दिवशी मी तिला सहज विचारलं, "इथं बरं वाटतं का तिथं?" ती म्हणाली, "पाणी पिऊन येते." आणि बराच वेळ आतच राहिली. मी पुन्हा विचारलं नाही.

जाताना तिला म्हणालो, हेडसेट इथंच आहे, तुझाच आहे. शनिवार-रविवार येत जा. भिगवणहून बारामती काय लांब आहे? तू तिला अडवू नकोस एवढीच विनंती. लेकरू आनंदात होतं.

मुजम्मिल


बारामती
२४ ऑगस्ट २०२५

लैला,

तुझं पत्र परवा आलं. तेव्हापासून मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

जूनमध्ये सिमरन एकदा आली. जुलैत एकदा. नंतर आलीच नाही. मी समजत होतो तू अडवतेस. या महिन्याच्या सुरुवातीला आरिफला फोन करून मी जे बोललो ते त्यानं तुला सांगितलंच असेल. म्हणूनच तू हे पत्र लिहिलंस.

तू लिहिलंयस, गाडीच्या खेळानं तिला गरगरतं. पहिल्या दिवसापासून गरगरत होतं. न्हाणीघरात नळ सोडून ती ओकायची, म्हणजे मला आवाज जाऊ नये. सरबत त्यासाठीच मागायची. आणि तू तिला विचारलंस, मग सांगितलं का नाहीस अब्बांना, तर म्हणाली, "ते मागं बसून इतकं खूश असायचे. मला कसं सांगू?"

लैला, माझी पाठ तिच्याकडं नव्हती, तिचीच माझ्याकडं होती. मी टीव्ही बघत होतो. एकदा उठून समोर जाऊन तिचा चेहरा बघितला असता तरी कळलं असतं.

अविराजला विचारलं. तो म्हणाला, व्हय, बऱ्याच जणांना होतंय तसं. शरीर बसलेलं असतं आणि डोळ्याला सांगितलं जातं की तू पळतोयस, त्यानं मळमळतं. टेबल टेनिससारख्या उभ्या जागी खेळायच्या खेळात सहसा होत नाही. "पोरीला काय खेळायचं हाय ते इचारलं हुतं का तुमी?" असं त्यानं विचारलं. मी विचारलं नव्हतं.

तिनं सांगितलं मात्र होतं. जुलैत आली तेव्हा म्हणाली, "मामूच्या हेडसेटवर टेबल टेनिस आहे. दोन घरांतली माणसं एका खोलीत येऊन खेळतात. तुम्ही त्यात या ना अब्बा." मी म्हणालो, आपल्या ह्याच्यावर घेऊ तो खेळ. तो ह्याच्यावर मिळत नाही, अविराजनं शोधून पाहिला. वेगळ्या कंपनीचे हेडसेट, त्यांच्या खोल्याही वेगळ्या. मग मी तिला म्हणालो, त्यापेक्षा तूच इथं येत जा.

आता एक गोष्ट लिहितो. मेमध्ये मी तुला लिहिलं की तुझं पत्र यायला उशीर झाला. उशीर झाला नव्हता. तुझं पत्र खिशात घेऊनच मी अविराजच्या दुकानात गेलो होतो. "इथं भिगवणला ठेवता येईल असा घ्या," हे वाचलं आणि मनात आलं, मग तर हा नकोच. जो टीव्हीला बांधलेला आहे तो घ्यावा, म्हणजे तिला इथं यावं लागेल. आणि ती येत राहिली तर कधीतरी तूही येशील. चित्र चांगलं आहे, काळं अगदी काळं दिसतं, हे सगळं मी अविराजला सांगत होतो. त्याला ते आधीच माहीत होतं. मीच मला सांगत होतो.

सिमरनला सांग, यायची गरज नाही. म्हणजे, यायचं असेल तेव्हा यावं. खेळायला म्हणून नको.

मुजम्मिल


बारामती
२१ सप्टेंबर २०२५

लैला,

घाईत लिहितो. वायरवाला आणि प्लेस्टेशन दोन्ही अविराजला परत दिले, त्यानं वापरलेले म्हणून घेतले. पांढरा आणला. टेबल टेनिसचा खेळ त्यात घातला. सिमरनला निरोप दे, येत्या रविवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर मी त्या खोलीत असेन. मला नीट खेळता येत नाही, आधीच सांगून ठेव.

मुजम्मिल


बारामती
१२ नोव्हेंबर २०२५

लैला,

सोमवारी मी भिगवणला येऊन गेलो, हे तुला तुझ्या अम्मांनी सांगितलंच असेल. का आलो आणि न भेटता का गेलो, ते लिहायचंय.

सप्टेंबरच्या त्या रविवारी मी हेडसेट घालून उभा राहिलो. मोठा हॉल, लाकडी फरशी, मधोमध निळं टेबल. पलीकडं कुणी नाही. थोड्या वेळानं एक माणूस आला. म्हणजे माणूस कसला, तरंगणारं डोकं आणि बॅट धरलेला एक हात. मी म्हणालो, "सिमरन?" तो कुठल्या तरी परक्या भाषेत काहीतरी बोलला. आम्ही एक डाव खेळलो, मी हरलो, तो हात हलवून गेला. पुढच्या रविवारीही तसंच. त्याच्या पुढच्याही. मी समजलो, ती रुसलीय, आणि रुसायचा तिला हक्क आहे.

दिवाळीच्या सुट्टीत तिचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "येत का नाहीस खोलीत?"

"कशी येऊ अब्बा? मामू नोकरीसाठी मस्कतला गेला ना ऑगस्टच्या शेवटी. हेडसेट घेऊन गेला."

"मग सांगायचं नाही का बाळा?"

"तुम्ही पहिल्यांदाच माझ्यासारखा घेतला होतात. अम्मीलाही म्हटलं, कळवू नकोस. आता नाही म्हटलं तर तुम्हाला कसं वाटलं असतं?"

तुझ्या पोरीला हे कुणी शिकवलं, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहायचं? मी त्या रात्री हाच विचार केला. माझ्या घरात तीन माणसं होती, त्यातली दोन असंच जगत होती, असं आता वाटतं.

आणि आणखी एक ध्यानात आलं. दोन वेळा दुकानात गेलो, दोन हेडसेट आणले, दोन्ही इथंच आणले. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस कुठं ठेवायचा ते.

मग मी नवा पांढरा खोक्यात भरला. माझ्यासाठी अविराजनं एक वापरलेला शोधून दिला, पट्टा सैल आहे पण चालतो. सोमवारी दुकान शिलाईवाल्या बिरदेववर सोपवून सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो. तुझ्या घरी पोचलो तेव्हा सिमरन शाळेत गेली होती. अम्मा म्हणाल्या, "लैला बाजारात हाय. बसा, यील." मी खोकं त्यांच्याजवळ दिलं. चहा घेतला. बसवेना, म्हणून म्हणालो, जरा बाजारात जाऊन येतो.

इतकी वर्षं जावई म्हणून तुझ्या घरी येत होतो, पण मासळी बाजार मी कधी लिलावाच्या वेळी बघितलाच नव्हता. वास सहन होत नाही म्हणून तिकडं फिरकायचो नाही. सोमवारी गेलो. बर्फाच्या पेट्यांच्या मागं उभा राहिलो. तू मला बघितलं नाहीस.

तू मधोमध उभी होतीस. पायात रबरी बूट, ओढणी डोक्यावरून घेऊन मागं गाठ मारलेली, हात कोपरापर्यंत ओले. समोर जमिनीवर चिलापी आणि रोहूचे ढीग, भोवती पंचवीस-तीस पुरुष, आणि सगळे तुझ्या तोंडाकडं बघत होते. तू बोली पुकारत होतीस. तुझा तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. आपल्या घरात तू इतक्या मोठ्यानं कधी बोलली नाहीस. इंदापूरचा एक म्हातारा व्यापारी भाव पाडायला बघत होता, म्हणत होता माल शिळा दिसतोय.

तू खाली वाकलीस, एक रोहू उचललास आणि त्याच्यापुढं धरलास.

"झुंबरशेठ, कल्ला उघडून बघा आन् मग बोला. पहाटंचा मासा हाय, रात्रीचा न्हाय. मी रसूलभाईची लेक हाय, शिळं इकत न्हाय."

त्यानं कल्ला बघितला. मान हलवली आणि बोली वाढवली. बाकीचे हसले, तूही हसलीस. मग लगेच पुढचा ढीग.

मी तिथं किती वेळ उभा होतो कळलं नाही. दोन वर्षं मी एकच चित्र डोळ्यापुढं धरून होतो. लैला माहेरी अडकलीय, आईच्या मायेनं, भावाच्या सोयीसाठी, बापाच्या गाळ्याच्या ओझ्याखाली. कुणीतरी तिला सोडवून आणलं पाहिजे. म्हणून तर मी म्हणालो होतो ना, एक घर ठरव, हे नाहीतर ते. मला वाटलं होतं मी तुला सोडवतोय. आणि समोर जी बाई उभी होती ती कुठंही अडकलेली नव्हती.

आपल्या दुकानात तू बारा वर्षं बसलीस. मापं घेतलीस, बटणं लावलीस, गिऱ्हाईकाला पाणी दिलंस. पैशाच्या गल्ल्यावर मी तुला कधी बसवलं नाही. तू कधी म्हणालीही नाहीस. मला वाटलं तुला हवंसंच वाटत नाही.

म्हणून न भेटता निघालो. भेटून काय बोलणार होतो? घरी खोकं ठेवलंय, एवढंच ना. अम्मा दारात म्हणाल्या, "भेटून जावा की." मी म्हणालो, "कामात हाय ती."

सिमरनला सांग, पट्टा मागून आवळायचा, कपाळावर जोर येऊ द्यायचा नाही. रविवारी मी असेन.

मुजम्मिल


बारामती
२ फेब्रुवारी २०२६

लैला,

तुझं पत्र आलं त्याला तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, आणि या वेळी टपालाचा दोष नाही.

पहिल्यांदाच तू मोठं पत्र लिहिलंस. तुला खुला हवाय, म्हणजे बायकोनं मागितलेला तलाक. काझीसाहेबांशी तू बोललीस, निकाहात मी कबूल केलेला मेहेरचा पैसा माफ करायला तयार आहेस, मी हो म्हटलं की झालं. भांडणाचा एक शब्द त्यात नाही. मी वाईट माणूस नाही, असंही तू लिहिलंयस. ते वाचून बरं वाटायला हवं होतं.

आणि मग तू लिहिलंस, "दोन वर्षांत तुम्ही मला एकच गोष्ट विचारलीत, कुठला हेडसेट घ्यायचा. आणि तोही माझं उत्तर खिशात ठेवून दुसराच घेतलात. मला राग नाही. पण वाचून मला आपलं सगळं लग्न आठवलं."

मी खूप प्रयत्न केला काहीतरी आठवायचा, एखादी तरी गोष्ट, जी मी तुला विचारली आणि तू सांगितलीस तशी केली. पडद्यांचा रंग आठवला. तोही तू निळा म्हणाली होतीस आणि दुकानदारानं हिरवा चांगला म्हटल्यावर मी हिरवा आणला होता. अजून तेच पडदे आहेत.

डिसेंबरात मी तुला न सांगता आणखी एकदा भिगवणला आलो होतो. स्टेशन रोडला एक गाळा रिकामा आहे, वर दोन खोल्या. मालक भला माणूस वाटला. मी हिशोब केला, इंदापूर रस्त्यावरच्या शाळा तिथून जवळ पडतात, गणवेश तिथंही विकले जातील, बारामतीचं दुकान बिरदेव बघेल. म्हणजे घर एकच राहील, आणि ते भिगवणचं असेल. मी स्वतःशीच खूश होतो. तुला कळवायचं म्हणून कागद घेऊन बसलो. म्हटलं, आधी मालकाशी पक्कं करू, मग कळवू. मग म्हटलं जानेवारीत कळवू. तेवढ्यात तुझं पत्र आलं.

बघ, तेव्हाही मी तुला विचारलं नव्हतंच. आधी पक्कं करणार होतो.

हे मी तुझं मन वळवायला लिहीत नाही. गाळ्याला मी नाही म्हणून कळवलंय. तुझ्या पत्रात मला कुठं दार दिसलं नाही आणि मी शोधलंही नाही. तू नीट विचार करून लिहिलंयस, आणि या एका वेळी तरी तू सांगितलंस तसं व्हावं. काझीसाहेबांना सांग, येत्या जुम्याला, शुक्रवारी, मी येतो. मेहेर माफ करायची गरज नाही. तो तुझा आहे, तुझ्याकडंच राहू दे.

आता सिमरनचं. तू विचारलंस, रविवारी ती खेळते तेव्हा काय बोलते. तुला सांगत नाही म्हणतेस. मला सगळं सांगते असं नाही, पण त्या खोलीत ती बोलते खरी. तिथं चेहरा नसतो म्हणून असेल. तिचं डोकं आणि बॅट एवढंच दिसतं, आणि माझंही तेवढंच. ती चेंडू मारता मारता बोलते, त्यामुळं बोलणं थांबलं तरी अवघड होत नाही, चेंडूचा टकटक आवाज येत राहतो. नववीत विज्ञान अवघड जातंय. उत्कर्षा नावाची नवी मैत्रीण झालीय. पक्षी बघायला पुण्याच्या गाड्या यायला लागल्या आणि धरणाच्या पाण्याकाठी गर्दी झालीय, त्याचा तिला वैताग येतो. गरगरत नाही ना, हे मी दर वेळी विचारतो. ती म्हणते, "नाही अब्बा, खरंच नाही." आता मी तिच्यावर विश्वास ठेवतो, कारण मध्ये एकदा ती स्वतःहून म्हणाली, आज थांबूया, डोकं दुखतंय. मला फार बरं वाटलं. तिनं सांगितलं म्हणून.

खुल्याचंही तिनंच काढलं. मी काढणार नव्हतो. मागच्या रविवारी माझी सर्व्हिस होती. ती म्हणाली, "अब्बा, अम्मी परत यायची नाही. तुम्हाला माहितीय ना?"

मी म्हणालो, "माहितीय."

"मग तुम्ही हो म्हणणार?"

"म्हणणार."

तिची बॅट तशीच हवेत. मग म्हणाली, "मी रविवारी येणार पण."

मी म्हणालो, "तुला जमेल तेव्हा ये. तू मोठी होतेयस, कधी नाही जमणार. तेव्हा तसं सांग. मी रुसणार नाही."

"सर्व्हिस करा," ती म्हणाली. मी केली. जाळीत गेली.

काल, म्हणजे रविवारी, आम्ही पुन्हा खेळलो. डाव रंगात आला होता, पहिल्यांदाच मी पुढं होतो. तिच्याकडच्या माईकमधून तुमच्या घरातले आवाज मला कायम येत असतात, तिच्या ते लक्षात नसतं. कुकरची शिट्टी येते, अम्मांचा खोकला येतो, स्टेशनावरून गाडी गेली की तीही ऐकू येते. काल तुझा आवाज आला. तू बहुतेक स्वयंपाकघरातून बोलत होतीस.

"सिमरन, आवर आता. गरम हाय तवर जेवून घे." आणि मग थोडं थांबून, जरा हळू, "अब्बा जेवले का इचार."

मी सगळं ऐकलं, लैला. हात थांबला, चेंडू बाजूनं निघून गेला. सिमरनला वाटलं मी चुकलो. ती म्हणाली, "अब्बा, अम्मी विचारतेय, जेवलात का?"

मी हो म्हणालो.

मी जेवलो नव्हतो. खेळ बंद करून हेडसेट काढला तेव्हा खोलीत अंधार झाला होता, दिवा लावायचा राहून गेला होता. गॅस पेटवायला गेलो आणि मधेच थांबलो, कारण मला वाटलं, हो कशाला म्हणालो? नाही म्हणालो असतो तर तू काहीतरी बोलली असतीस. "मग जेवून घ्या म्हणावं," एवढं तरी. ते मला ऐकायला मिळालं असतं.

जुम्याला येतो. सकाळी लिलाव असेल, म्हणून दुपारनंतर येतो. चालेल ना? तू सांगशील ती वेळ.

मुजम्मिल